औषध मी, कोथिंबीर ती

"ती पोरगी आली की कसा गुमान पियायलाय बघ. आन् ह्या मॅडम आल्या की सरळ मशीनच्या खाली!"

रत्नाक्का हे माझ्याबद्दल बोलत होत्या. मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर चप्पल काढत होते. आत ब्लाउज टाकायला आलेली एक बाई होती. तिनं विचारलं, "कामून? मारतेत काय मॅडम?"

"मारत न्हाईत गं. पर हात बर्फावानी हायेत त्यांचे. मुक्या जनावराला समजतंय की."

मी चप्पल परत पायात सरकवली. मग पुन्हा काढली, कारण औषधाची वेळ झाली होती. आत गेले तेव्हा गुंडू कापडाच्या चिंध्यांवर पसरून बसला होता. मला पाहताच त्यानं मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला आणि शिलाई मशीनच्या पायट्यामागे गेला. ससा धोका दिसला की असा पाय आपटतो, म्हणजे बाकीच्या सशांनी सावध व्हावं. गुंडूला बाकीचे ससे नव्हते. तो रत्नाक्कांना सावध करत होता.

मी इकडं सीमाभागात, नौबादमधल्या जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात काम करते. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांची मदतनीस आहे. जनावर धरणं, जखमा धुणं, टाके पडताना दिवा धरणं, आणि ज्यांना घरी औषध पाजता येत नाही त्यांच्याकडे जाऊन ते पाजणं, ही माझी कामं. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी हे काम कशाला करते, असं नातेवाईक माझ्या आईला विचारतात. मला विचारत नाहीत, कारण मी उत्तर देत नाही हे त्यांना माहीत आहे. जनावरांशी बोलावं लागत नाही, एवढंच खरं कारण होतं. ते चुकीचं निघालं, पण ते पुढं येईलच.

दवाखान्यात कुत्री, मांजरं, शेळ्या येतात, अधूनमधून एखादी म्हैस दाराबाहेर उभी असते. ससे थोडे. आणि सशाला औषध पाजणं हे म्हशीला पाजण्यापेक्षा अवघड आहे, असं सांगितलं की लोक हसतात. निर्णा गावचे एक आप्पाही हसले होते. त्यांनी मुलीच्या सशाचं तोंड वर करून, बैलाला नळकांड्यानं पाजतात तसं, चमच्यानं औषध घशात ओतलं. "बैल आवरतोय, हे मूठभर काय आयकना व्हय!" त्यातलं निम्मं औषध छातीत गेलं. ससा नाकातून फेस काढत आमच्याकडे आला. तो वाचला, पण आप्पांनी त्यानंतर चमच्याला हात लावला नाही.

सशाला उलटी करता येत नाही. तो उपाशी राहू शकत नाही. एक दिवस काही खाल्लं नाही तर त्याचं पोट थांबतं, आणि थांबलेलं पोट पुन्हा चालू करणं कठीण. त्याला उताणं करायचं नाही. त्याच्या मागच्या पायांत इतका जोर असतो की नीट धरलं नाही तर झटक्यानं तो स्वतःचाच कणा मोडून घेतो. म्हणून फडक्यात गरम भाकरी गुंडाळतात तसं त्याला टॉवेलात गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. पुढच्या दातांच्या मागं, दाढांच्या आधी, एक रिकामी फट असते. सुई काढलेली सिरिंज बाजूनं त्या फटीत सरकवायची, थोडं औषध सोडायचं, तो चावेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा थोडं. समोरून दिलं तर बाहेर येतं, घशात सोडलं तर छातीत जातं. बाजूची ती फट, बस.

हे मला चांगलं येतं. माझं कौतुक मी सहसा करत नाही, पण हे मला चांगलं येतं.

गुंडू आधी रत्नाक्कांचा नव्हता. त्यांच्या वरच्या खोलीत कॉलेजच्या मुली भाड्यानं राहत होत्या, त्या जाताना पिंजरा ठेवून गेल्या. रत्नाक्का पन्नाशीच्या, एकट्या. दिवसभर मशीन, संध्याकाळी मशीन. पिंजऱ्याचं दार त्यांनी पहिल्याच दिवशी उघडलं आणि ते परत कधी लावलं नाही. गुंडू काही महिन्यांनी एका सकाळी मान वाकडी करून फिरू लागला, एक डोळा छताकडे, एक जमिनीकडे. सशांना होणारा आजार आहे हा. औषध आहे, पण ते महिनाभर रोज, न चुकता द्यावं लागतं, आणि ते कडू आहे. वरून केळ्याचा वास घातलेला असतो, त्यानं माणूस फसतो, ससा नाही. रत्नाक्कांनी दोनदा प्रयत्न केला. गुंडू ओरडला नाही, नुसता थरथरला, आणि रत्नाक्काच रडल्या. म्हणून डॉक्टरांनी मला पाठवायला सुरुवात केली.

मी रोज सकाळी जायची. टॉवेल, सिरिंज, बाजूची फट. औषध पूर्ण आत. मग मी सिरिंज धुऊन निघायची, जनावराला औषधानंतर शांत सोडावं म्हणून. मी पायरीवर पोचेपर्यंत मागून रत्नाक्कांचा आवाज यायचा, "झालं रं बाळा, गेली ती," आणि त्याच्यापुढं कोथिंबिरीची काडी यायची. गुंडूची मान हळूहळू सरळ होत होती. तो पाय आपटतच होता.

मग मला ताप आला आणि दोन-तीन दिवस माझ्याऐवजी सुवर्णा गेली.

सुवर्णा जनवाड्याची. आमच्याकडे नवीन आली होती. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती आणि बाकी मजुरी. ती यायची ती बोलत, जायची ती बोलत. मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवायची, गिऱ्हाईक मुसलमान असलं तर दखनी उर्दूत. दवाखान्यात शिरलेल्या प्रत्येक माणसाला पाच मिनिटांत ती अण्णा, अक्का, मावशी करून टाकायची. मला तीनही भाषा समजतात. मी तीनही भाषांत गप्प असते.

बरी होऊन परत गेले त्या दिवशी, पायरीवर ते बोलणं ऐकल्यावर, मशीनखालून गुंडूला काढून मी औषध दिलं. तो धडपडला, मी धरला, औषध पूर्ण गेलं. रत्नाक्का तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नगा. उद्यापासून सुवर्णीलाच पाठवा म्हनावं डॉक्टरला. तिच्याजवळ त्रास करून घेत न्हाई त्यो."

"चालेल," मी म्हणाले.

ती सुवर्णी होती. मी मॅडम.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगायला मला आवडत नाही, पण अनुभव लिहायचा म्हटल्यावर तो गाळून कसा चालेल? सुवर्णा सकाळी रत्नाक्कांकडून गुंडूच्या गोष्टी घेऊन यायची. आज तो मांडीवर झोपला. आज त्यानं तिची ओढणी चावली. आज म्हणे रत्नाक्कांनी तिला चहाबरोबर शंकरपाळ्या दिल्या. मला एवढ्या दिवसांत पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी नको म्हणणार हे माझ्या तोंडावर लिहिलेलं असतं बहुतेक. ती शेतातली कोथिंबीर ओल्या फडक्यात बांधून आणायची. मी त्या फडक्याकडे बघायची आणि कापूस कापायची.

जनावर हातात घेण्याआधी मी गरम पाण्याच्या पिशवीवर हात ठेवू लागले. एकदा सुवर्णानं पाहिलं. "ताई, हात कामून शेकायलीस? थंडी न्हाई की."

"असंच."

दवाखान्यात कुणी नाही असं बघून मी एका मांजरीला, सुवर्णा म्हणते तसं, "ये गं माझी राणी" म्हणून पाहिलं. मांजरीनं माझ्याकडे बघितलं आणि पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गेली. तिचं काही चुकलं नाही. माझा आवाज नोटीस वाचल्यासारखा आला होता.

एक दिवस रत्नाक्का स्वतःच दवाखान्यात आल्या. शिवायचे कपडे ठेवायची वेताची टोपली होती, तिच्यात गुंडू. मान इतकी फिरली होती की हनुवटी पाठीला लागेल असं वाटावं. उभं राहायला जायचा आणि एका अंगावर पडायचा. गळ्यात काळा दोरा बांधला होता.

"नजर लागली," रत्नाक्का म्हणाल्या. "काल मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली, ठसका सुदिक उठला न्हाई. बघा किती जबर नजर असंल! चांगला पियायला लागला, खायला लागला, झालं. कुनाच्या तरी डोळ्यावर आलाच."

ठसका उठला नाही तर नजर मोठी, असं आमच्याकडे मानतात. मी असलं काही मानत नाही. तरी मी कपाटातल्या बाटल्या सरळ करायला लागले. त्या सरळच होत्या.

डॉक्टरांनी गुंडूला तपासलं. "औषध रोज गेलंय?"

"रोज गेलंय सर," सुवर्णा म्हणाली. "एक दिस चुकला न्हाई. इचारा अक्काला."

"व्हय. पोरगी पावसातसुदिक आली."

डॉक्टर बोलायला रोखठोक आहेत. ते म्हणाले, "पूर्ण औषध घेऊन जर मान अशी उलटी जात असेल, तर औषध लागू पडत नाही अक्का. दुसरं काही माझ्याजवळ नाही. असं लोळत ठेवायचं, की इंजेक्शन देऊन शांत झोपवायचं, तुम्ही ठरवा. मी बाहेरची शेळी बघून येतो." दारातून वळून मला म्हणाले, "आणि आधी तो दोरा काढा. पायात अडकला तर फास बसेल."

रत्नाक्का बाकावर बसल्या. त्यांनी टोपलीच्या काठावर हात ठेवला.

मी कात्री घेतली. दोरा कापण्यासाठी गुंडूच्या हनुवटीखाली बोट घातलं, आणि बोट थांबलं. तिथले केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते, खळ दिलेल्या कापडासारखे. वरून पांढरे, पण आत थरावर थर. मी बोटाचा वास घेतला. केळं.

पहिल्यांदा मला आनंद झाला. तो गुंडूसाठी नव्हता.

मग लगेच भीती वाटली, कारण आता हे बोलावं लागणार होतं, आणि माझ्या तोंडून ते जसं निघेल तसं सगळ्यांना ऐकू येणार होतं. पण टोपलीत तो पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. मी बाहेर शेळीजवळ गेले आणि डॉक्टरांना हळूच सांगितलं. इंग्रजीत. घाबरले की मी इंग्रजीत जाते, जसा गुंडू मशीनखाली.

मागं दारात सुवर्णा उभी होती.

"माझं नाव घेतलीस नव्हं ताई? आमाला समजंल असं बोल की."

डॉक्टरांनी शेळीची मान सोडली नाही. "मला काय सांगता? तिला सांगा," म्हणाले.

आत तिघी एकमेकींसमोर उभ्या राहिलो. मी टोपलीकडे बघून म्हणाले, "सुवर्णा, औषध त्याच्या पोटात जात नाहीये. केसांत जातंय."

"म्या माझ्या हातानं घालते की तोंडात! त्यो तोंड हलवतोय, गिळतोय."

"तोंड तो नेहमीच हलवतो. ससाच आहे तो."

"थोडं सांडतंय. पुसून घेते मी."

"थोडं नाही."

रत्नाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं असेल. "मॅडम, तिचा राग हाय व्हय तुमाला?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. "पाणी पाजून बघू या," मी म्हणाले. "ती पाजते तसंच."

"आन पानी," सुवर्णा म्हणाली.

ती खाली मांडी घालून बसली आणि गुंडूला मांडीवर घेतलं. टॉवेल नाही, काही नाही. जो ससा टोपलीत लोळत होता तो तिच्या मांडीवर शांत झाला. तिनं अंगठ्यानं त्याचा जबडा खालून आधाराला धरला, सिरिंजचं टोक ओठांना लावलं आणि थेंब थेंब सोडू लागली. तोंडानं बारीक आवाज करत होती. आई मेलेल्या कोकराला असंच दूध पाजतात. तिला विचारायची गरज नव्हती, तिच्या हातांवरून दिसत होतं. गुंडूचे ओठ हलत होते. बघणाऱ्याला वाटावं, काय मजेत पितोय!

मी त्याच्या हनुवटीखाली कापूस धरला होता. सिरिंज रिकामी झाली. सुवर्णानं कापूस माझ्या हातातून घेतला आणि पिळला. पाणी तिच्या बोटांवरून फरशीवर गेलं.

तिनं कापूस उलटसुलट करून पाहिला. "कोकरू ओढून घेतंय गं," ती म्हणाली. "बोटबी चोखतंय. ह्यो ओढतच न्हाई." मग मान वर करून रत्नाक्कांना म्हणाली, "अक्का, नजर-बिजर काय न्हाई. म्याच पाजलं न्हाई तुमच्या गुंडूला."

बस, एवढंच. दोन वाक्यं, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. माझं बरोबर निघालं होतं, आणि त्याच क्षणी मला तिचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटला. असं बोलता येणं! मला माझं बरोबर सांगायला शेळीच्या आडोशाला जाऊन दुसरी भाषा लागली होती. तिला तिची चूक सांगायला काहीच लागलं नाही. रत्नाक्कांनी तिच्यावर रागवावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

डॉक्टर आत आले, गुंडूची हनुवटी दाबून पाहिली आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून. इंजेक्शनचं नंतर बघू. औषधच गेलं नसेल तर औषधाला दोष कसा देऊ?"

प्रश्न होता कुणी पाजायचं हा. मी टॉवेल घेतला तसा गुंडू पडत-धडपडत सुवर्णाच्या काखेत शिरला. ती हसली. "ताई, असं कर. धरते म्या. तू पाज."

"चालेल," मी म्हणाले.

तेव्हापासून आम्ही दोघी जायचो, एका गाडीवर. मी चालवायची, ती मागं बसून रस्त्यातल्या ओळखीच्यांना हाका मारायची. रत्नाक्कांच्या दुकानात ती चिंध्यांवर बसायची, गुंडूला मांडीवर घ्यायची. तो तिच्या कोपराच्या खोबणीत तोंड खुपसायचा आणि माझ्या बाजूला त्याचा एक गाल तेवढा यायचा. तेवढा मला पुरे होता. बाजूची फट, थोडं, थांबा, आणखी थोडं. टॉवेल लागेनासा झाला. हनुवटी रोज कोरडी.

पहिल्या दिवशी सुवर्णानं माझा हात धरून पाहिला. "खरंच की गं ताई, बर्फच हाय!" आणि स्वतःच्या दोन्ही हातांत चोळला. मी काढून घेतला नाही.

मान आली. सगळी नाही. अजूनही गुंडू जरा कलती मान करून बघतो, जसं काही आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला पुन्हा ऐकायचं आहे. रत्नाक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "दोघींनी मिळून उतरवली बघा नजर." चहा दोघींना मिळायचा. मी मॅडमच राहिले, पण शंकरपाळ्यांची ताटली आता माझ्यासमोरही यायची.

एकच गोष्ट तशीच राहिली होती. औषध संपलं की सुवर्णा फडकं सोडायची, ओल्या कोथिंबिरीचा वास दुकानभर व्हायचा आणि गुंडू माझ्याकडे पाठ करून तिच्या हातातून खायचा, मिशा हलवत, काडी खालून वर गिळत. मी सिरिंज धुवायची. कडू मी द्यायचं, बरोबर मी द्यायचं, आणि त्याच्या हिशेबी चांगलं जे काही व्हायचं ते तिच्या हातून. कामाची विभागणी म्हणून हे अगदी योग्य होतं. डॉक्टरांनीही हेच सांगितलं असतं.

औषधाचे शेवटचे दिवस होते. मी सिरिंज धुतली, पुसली, पिशवीत टाकली. मागं रत्नाक्का मशीन थांबवून कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उलगडत होत्या. सुवर्णानं फडक्याची गाठ सोडली. जनवाड्याची कोथिंबीर, मुळांना अजून माती. गुंडूनं मान आणखी जरा कलती केली.

मी त्यांच्याजवळ चिंध्यांवर बसले आणि हात पुढं केला.

"काय गं ताई?" सुवर्णा म्हणाली.

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. रत्नाक्कांनी बाहीवरून मान वर केली.

"दे हिकडं. कोथिंबीर मी देणार."